छत्तीस चौकोनांची वही

मी बँकेच्या कर्जविभागात लागलो तेव्हा माणसाची पत बंद पाकिटातून यायची. तुमच्याकडचा हा खातेदार कसा आहे, असं एका बँकेने दुसऱ्या बँकेला पत्राने विचारायचं आणि त्या बँकेने दोन ओळींत कळवायचं. याला ‘गोपनीय अभिप्राय’ म्हणत. खाली एक ठरलेलं वाक्य असे: ही माहिती बँकेवर अथवा तिच्या अधिकाऱ्यांवर कोणतीही जबाबदारी न ठेवता देण्यात येत आहे. त्या दोन ओळी वाचण्याचीही एक विद्या होती. ‘व्यवहार समाधानकारक’ असेल तर कर्ज द्यायला हरकत नाही. ‘आमच्या माहितीप्रमाणे समाधानकारक’ असेल तर जरा जपून. उत्तरच आलं नाही तर फाइल तळाशी सरकवायची.

पण एखाद्याने एका बँकेतून घराचं, एका पतसंस्थेतून दुकानाचं आणि एका वित्तकंपनीकडून गाडीचं कर्ज घेतलं असेल, तर तिघांपैकी कुणालाच बाकी दोघांचा पत्ता नसे. त्याने आपणहून सांगितलं तरच कळणार, आणि तो कशाला सांगेल? आम्हाला कळायचं ते वसुलीला गेल्यावर. ओट्यावर आपल्या आधीच दुसरे दोघे चहा पीत बसलेले असायचे.

एकमेकांना सांगू म्हटलं तर कायदा आडवा. स्टेट बँकेच्या १९५५ च्या कायद्याचं ४४ वं कलम आणि राष्ट्रीयीकृत बँकांच्या १९७० च्या कायद्याचं १३ वं कलम खातेदाराची माहिती गुप्त ठेवायला सांगतं. १९९४ पासून रिझर्व्ह बँक एक कोट आणि त्यावरच्या थकबाकीदारांची यादी बँकांना पाठवू लागली. १९९९ पासून जाणूनबुजून बुडवणाऱ्यांची, २५ लाखांपासून पुढची, यादी तयार होऊ लागली. कोटभर थकवणाऱ्याची नोंद निदान कुठेतरी होत होती. चाळीस हजार थकवणारा मात्र शहर बदललं की कोरा करकरीत. पुढे या चाळीस हजारवाल्याचीच नोंद सगळ्यांत बारीक ठेवली जाणार होती, पण ते तेव्हा कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

रिझर्व्ह बँकेने एन. एच. सिद्दिकी यांच्या अध्यक्षतेखाली एक कार्यगट नेमला. भारतात पतमाहिती गोळा करणारी संस्था काढावी, असं त्या गटाने १९९९ मध्ये सुचवलं. ऑगस्ट २००० मध्ये मुंबईत ‘क्रेडिट इन्फर्मेशन ब्युरो इंडिया लिमिटेड’ची नोंदणी झाली. नावातली इंग्रजी आद्याक्षरं जोडून झालं सिबिल. भांडवल स्टेट बँक आणि घरकर्जवाली एचडीएफसी यांचं, प्रत्येकी ४० टक्के. उरलेले २० टक्के डन अँड ब्रॅडस्ट्रीट आणि शिकागोची ट्रान्सयुनियन या दोन परदेशी कंपन्यांत निम्मे निम्मे. सुरुवातीची कचेरी नरिमन पॉइंटला, हेक्स्ट हाउसमध्ये.

संस्था उभी राहिली, पण माहिती देण्याचा हुकूम कुणाला द्यावा असा कायदाच नव्हता. मग पळवाट निघाली ती संमतीची. कर्जाच्या अर्जात एक कलम घालायचं, की माझी माहिती ब्युरोला कळवायला माझी हरकत नाही. ग्राहकाने खुशीने परवानगी दिली असा त्याचा अर्थ. ती खुशी मी स्वतः शेकडो लोकांकडून घेतली आहे. पानं उलटत जायचं, पेन्सिलीने फुली मारायची आणि म्हणायचं, ‘इथे, इथे आणि इथे.’ कुणी कलम वाचलं नाही. एक शाळामास्तर होते, त्यांनी चष्मा काढून विचारलं, ‘हे कशाबद्दल?’ मी म्हटलं, ‘रुटीन आहे, गुरुजी.’ ते वाक्य आजही आठवलं की ओशाळायला होतं.

एप्रिल २००४ मध्ये वैयक्तिक कर्जदारांची नोंदवही उघडली, २००६ मध्ये उद्योगधंद्यांची. संसदेने पतमाहिती कंपन्यांचा कायदा २००५ मध्ये केला आणि १४ डिसेंबर २००६ पासून तो लागू झाला. तेव्हापासून प्रत्येक बँकेला निदान एका ब्युरोचं सभासद होणं भाग पडलं. संमतीच्या फुल्यांना मागाहून कायद्याचं छत मिळालं.

वहीचं पान कसं असतं, ते सांगायला हवं, कारण सगळी गोम त्यातच आहे. प्रत्येक कर्जाखाली चौकोनांची एक रांग असते, एका महिन्याला एक चौकोन, असे छत्तीस महिने. चौकोनात आकडा असतो तो हप्ता किती दिवस मागे आहे त्याचा. ०००, ०३०, ०६०, ०९०. बँकेने काहीच कळवलं नसेल तर तीन फुल्या. नवा महिना आला की एका टोकाला नवा चौकोन बसतो आणि दुसऱ्या टोकाचा सर्वांत जुना गळून पडतो. चालू कर्ज असेल तर कितीही वाईट महिना तीन वर्षांत रांगेबाहेर जातो. मला ही रचना मनापासून आवडते. कुणी आखली ठाऊक नाही, पण ज्याने आखली त्याला माणूस कळत असावा.

मात्र रांगेच्या वर एक ओळ असते, खात्याच्या स्थितीची. तिथे ‘रिटन-ऑफ’ किंवा ‘सेटल्ड’ असा शब्द पडला की गोष्ट बदलते. रिटन-ऑफ म्हणजे बँकेने ती रक्कम आपल्या पुस्तकातून बुडीत म्हणून काढली. ती माफ झाली असं बऱ्याच जणांना वाटतं. ती माफ झालेली नसते, वसुली चालूच राहते. सेटल्ड म्हणजे तडजोड: लाखाचे साठ हजार घेऊन प्रकरण मिटवलं. तडजोड झाली की खातं बंद होतं. बंद खात्यात नवा चौकोन येत नाही, म्हणून जुनाही गळत नाही. रांग जिथे थांबली तिथेच गोठते, आणि तिच्यावर तो शब्द. चालू कर्जातला वाईट महिना सरकत सरकत निघून जातो, मिटवलेल्या कर्जातला मात्र शेवटच्या दिवसाच्या फोटोसारखा भिंतीवर टांगलेला राहतो.

२००७ मध्ये या सगळ्या पानांची गोळाबेरीज करून तीन आकडी गुण देण्याची पद्धत बँकांसाठी आली, ३०० पासून ९०० पर्यंत. साडेसातशेच्या वर असाल तर साहेब खुर्ची पुढे करतो. नेमकं त्याच सुमारास गल्लोगल्ली क्रेडिट कार्डं वाटली गेली होती. २००८ च्या मंदीत नोकऱ्या डळमळल्या, कार्डांची थकबाकी फुगली आणि वसुलीवाल्यांचे फोन सुरू झाले. त्या फोनवरचं आवडतं वाक्य होतं: ‘सेटल करून टाका ना, विषय संपवा.’

आमच्या सोसायटीतल्या एका गृहस्थांनी तसा विषय संपवला. निम्म्याहून कमी रकमेत कार्डाची थकबाकी मिटली. बँकेचं शिक्क्याचं पत्र आलं, ते त्यांनी लॅमिनेट करून घेतलं. पाच वर्षांनी मुलीच्या नावे फ्लॅट घ्यायला गेले तेव्हा कर्ज नाकारलं गेलं. ते लॅमिनेट केलेलं पत्र घेऊन माझ्याकडे आले. ‘अहो, यात स्पष्ट लिहिलंय, काही येणं बाकी नाही म्हणून!’ लिहिलेलं खरंच होतं. येणं नव्हतं, शब्द होता. २०११ पर्यंत आपला आकडा बघायची सोयच सामान्य माणसाला नव्हती, आणि झाल्यावरही ती आहे हे कितीजणांच्या कानी गेलं होतं? त्यांना तर कर्ज नाकारल्यावर कळलं.

मी त्यांना सांगितलं, तेव्हा सोडलेली रक्कम आता भरा, बेबाकीचा दाखला घ्या आणि बँकेकडून स्थिती ‘सेटल्ड’ची ‘क्लोज्ड’ करून घ्या. ब्युरो आपल्या मनाने अक्षरही बदलत नाही. ज्या बँकेने शब्द लिहिला तिनेच तो खोडायचा. त्यांनी पैसे भरले. शब्द खोडायला बँकेने पुढचे नऊ महिने घेतले.

या गृहस्थांनी दिवाळं काढलं होतं का? कायद्याने नाही. मला या वाटचालीत सगळ्यांत जास्त खटकतं ते इथे. दिवाळं हा शब्द आपल्याकडे जुना आहे. बुडालेला पेढीवाला भरदिवसा दुकानात दिवा लावून ठेवी, त्यावरून तो आला असं सांगतात. चारचौघांत नाचक्की व्हायची, पण त्या नाचक्कीला एक तारीखही असायची. पुढे कायद्याने ती रीत कोर्टात नेली. १८७५ मध्ये सुप्यापासून सावकारांविरुद्ध दंगे पेटले. त्यांच्या मागोमाग १८७९ मध्ये पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या जिल्ह्यांसाठी दख्खन शेतकरी कायदा झाला, त्यात शेतकऱ्याच्या नादारीसाठी स्वतंत्र प्रकरण होतं. मुंबई, कलकत्ता आणि मद्राससाठी १९०९ चा नादारी कायदा आला, बाकी मुलखासाठी १९२० चा. या कायद्यांचा गाभा एकच. माणसाने आहे ते सगळं कोर्टापुढे ठेवायचं, कोर्टाने ते सावकारांत वाटायचं आणि शेवटी एक हुकूम द्यायचा: हा माणूस मोकळा झाला. इंग्रजीत त्याला डिस्चार्ज म्हणतात. दवाखान्यातून मिळतो तोच शब्द.

२०१६ मध्ये नादारी आणि दिवाळखोरी संहिता आली. कंपन्यांचा भाग धडाक्याने सुरू झाला, तो सगळ्यांनी पेपरात वाचला. त्याच संहितेचा तिसरा भाग व्यक्तींसाठी आहे. वर्षाला साठ हजारांपर्यंत उत्पन्न, वीस हजारांपर्यंत मालमत्ता आणि पस्तीस हजारांपर्यंत कर्ज असलेल्या माणसाला ‘नवी सुरुवात’ करता यावी अशी तरतूद त्यात आहे. दिवाळखोर ठरलेल्याला साधारण वर्षभराने मुक्तीचा हुकूम मिळावा, अशीही आहे. पण हा भाग १ डिसेंबर २०१९ पासून लागू झाला तो फक्त कंपन्यांच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांपुरता. तुमच्या-आमच्यासाठी तो अजून छापील पानांवरच आहे. १९०९ आणि १९२० चे कायदे कागदोपत्री जिवंत आहेत. मी तीन दशकांहून जास्त कर्जविभागात होतो. त्यांचा आधार घेतलेला एकही पगारदार मी पाहिला नाही.

म्हणजे सामान्य भारतीय माणसाचं दिवाळं न्यायाधीशापुढे निघतच नाही. ते सिबिलच्या पानावर निघतं, ‘सेटल्ड’ नाहीतर ‘रिटन-ऑफ’ या एका शब्दात. त्यात सुनावणी नाही, वाटणी नाही आणि मोकळं झाल्याचा हुकूमही नाही.

ज्या ट्रान्सयुनियनकडे सुरुवातीला दहा टक्के होते तिच्या देशात हेच कसं चालतं, ते पाहण्यासारखं आहे. अमेरिकेत दिवाळखोरी सर्रास असते, तिच्यासाठी कोर्टं वेगळी असतात. १९७० च्या तिथल्या पतअहवाल कायद्याने ब्युरोंना बजावलं, की दिवाळखोरीची नोंद १४ वर्षांनी काढून टाका. १९७८ च्या दुरुस्तीने १४ ची १० वर्षं झाली. आणि ज्याने हप्त्याहप्त्याने थोडंफार फेडायची योजना कोर्टाकडून मंजूर करून घेतली, त्याची नोंद ब्युरो रिवाजाने सातच वर्षांत काढतात. फटका मोठाच असतो. फिको या गुण देणाऱ्या कंपनीने प्रसिद्ध केलेल्या हिशेबात ६८० गुणांचा माणूस दिवाळखोरीने १३० ते १५० गुण गमावतो, ७८० वाला २२० ते २४०. ज्याचं नाव मोठं तो उंचावरून पडतो, हे आपल्याकडच्या बाजारपेठेतही कुणी सांगितलं असतं. पण पडल्याची तारीख ठरलेली आणि नोंद पुसली जाण्याचीही. इंग्लंडमध्ये दिवाळखोर एरवी वर्षभरात मोकळा होतो आणि नोंद सहा वर्षांनी जाते.

आपल्या नियमांतही सात वर्षं आहेत. फक्त वाक्य उलटं आहे. पतमाहिती कंपन्यांनी माहिती किमान सात वर्षं जपून ठेवावी, असं ते सांगतात. तिकडे ब्युरोला बजावलं, की अमुक वर्षांनंतर तुला हे आठवता कामा नये. इकडे बजावलं, की अमुक वर्षांच्या आत विसरशील तर खबरदार. ‘किमान’ हा शब्द मसुद्यात कुणी सहज लिहिला असेल. त्याच्या खाली किती जण अडकले आहेत, ते कुणाच्या वहीत मांडलेलं नाही.

पुढची वर्षं संस्थेच्या भरभराटीची, ती मी भराभर सांगतो. इक्विफॅक्स, एक्स्पीरियन आणि हाय मार्क हे आणखी तीन ब्युरो आले आणि २०१५ मध्ये रिझर्व्ह बँकेने प्रत्येक कर्जदात्याला चौघांचंही सभासद व्हायला लावलं. एका बँकेची चूक आता चार ठिकाणी छापली जाऊ लागली. २०१७ पर्यंत ट्रान्सयुनियनचा हिस्सा ९२ टक्क्यांवर गेला, नाव ‘ट्रान्सयुनियन सिबिल’ झालं. लोकांनी ‘सिबिल’ तेवढं ठेवलं. दुसऱ्या ब्युरोचा अहवाल काढला तरी म्हणतात ‘सिबिल मारून बघितलं’. कचेरी सेनापती बापट मार्गावर, एकेकाळच्या गिरण्यांच्या जमिनीवर उभ्या राहिलेल्या काचेच्या इमारतीत गेली. तिथून जाताना माझ्या मनात दरवेळी एकच येतं. गिरणगावात दुकानदाराची उधारीची वही असायची, आणि कामगार संपावर असताना काही दुकानदार ती वही मुद्दाम उघडत नसत.

रिझर्व्ह बँकेने वही मुद्दाम न उघडण्याचा असा प्रयोग माझ्या डोळ्यांदेखत एकदाच केला, २०२० मध्ये. २७ मार्चला तिने हप्ते लांबणीवर टाकायची मुभा दिली, ती पुढे ३१ ऑगस्टपर्यंत वाढली. ज्यांनी सवलत घेतली त्यांचे दिवस त्या काळात मोजायचे नाहीत आणि त्यांच्या पतइतिहासावर डाग पडू द्यायचा नाही, असं स्पष्ट सांगितलं होतं. सहा चौकोन एका दमात थांबवता येतात, हे तेव्हा दिसलं.

तक्रारदारालाही हळूहळू थोडं बळ मिळालं. २०१७ पासून वर्षातून एक पूर्ण अहवाल फुकट. आमच्या तालुक्यात एकाच नावाचे चार पाटील होते आणि एकाचा ट्रॅक्टर दुसऱ्याच्या पानावर चढला होता. अशा चुका लोकांना मुळात दिसायला लागल्या, ते या फुकट अहवालामुळे. ऑक्टोबर २०२३ च्या परिपत्रकाने चूक ३० दिवसांत दुरुस्त झाली नाही तर दिवसाला १०० रुपये भरपाई ठरवली. आमच्या गृहस्थांचे नऊ महिने या दराने धरले, तर एका बऱ्यापैकी फ्रिजचे पैसे झाले असते. १ जानेवारी २०२५ पासून बँका महिन्याला नव्हे, दर पंधरवड्याला माहिती कळवू लागल्या.

२०२३ च्याच जूनमध्ये आलेली तडजोडीची चौकट मात्र अनेकांच्या नजरेतून सुटली. तडजोड केलेल्या कर्जदाराला, शेतीकर्ज वगळता, निदान बारा महिने तीच बँक नवं कर्ज देणार नाही, असं तीत आहे. त्याच चौकटीत जाणूनबुजून बुडवणाऱ्यांशीही तडजोड करायची बँकांना मुभा आहे, म्हणून तेव्हा बराच गहजब झाला. माझं लक्ष त्या बारा महिन्यांवर खिळलं. तडजोडीनंतर किती थांबायचं, हे मी पहिल्यांदा महिन्यांत मोजलेलं पाहिलं. पण तेही किमानच आहे. बारा महिन्यांनी दार उघडेलच असं कुणी म्हटलेलं नाही.

महाराष्ट्रात सिबिलचा वाद बांधावर पोचला. पीककर्जाला बँका सिबिल बघू लागल्या. दुष्काळात थकलेला, कर्जमाफीच्या याद्यांत आत-बाहेर झालेला शेतकरी पेरणीच्या तोंडावर आकडा कुठून आणणार? राज्यस्तरीय बँकर्स समितीच्या बैठकीत मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी पीककर्जासाठी सिबिल मागणाऱ्या बँकांवर गुन्हे दाखल करण्याचा इशारा दिला. मान्सून तोंडावर आला की असे इशारे येतात, आणि शाखेतला तरुण अधिकारी तरी काय करील? त्याच्यापुढच्या पडद्यावर आकडा आपोआप येतो. दिसलेलं न दिसल्यासारखं करायची ताकद जुन्या दुकानदारात होती. पडद्यापुढे बसलेल्याने तसं केलं तर त्याच्या नावावर शेरा येतो.

माझ्या स्वतःच्या पानावरही डाग आहे. निवृत्तीच्या आदल्या वर्षी मी एका भाच्याच्या व्यवसायकर्जाला जामीन राहिलो. आयुष्यभर लोकांना सांगत आलो, की जामीनदाराच्या पानावरही ते कर्ज दिसतं. सही करताना मात्र मीही कलम वाचलं नाही. त्याचा धंदा मध्यंतरी बसला, चार हप्ते चुकले, आणि माझ्या रांगेत ०३०, ०६०, ०९०, १२० असे चार चौकोन उमटले. वसुलीवाल्याचा फोन आला. पलीकडचा पोरगा अदबीने म्हणाला, ‘काका, सेटल करून टाका ना.’ मी नाही म्हटलं. भाच्याला बोलावलं, दोघांनी मिळून थकलेलं भरलं, आणि खातं चालू ठेवलं.

दर वर्षी जानेवारीत मी फुकटचा अहवाल काढतो. परवा पाहिलं तर पहिला ०३० रांगेबाहेर गेला होता. उरलेले तीन टोकाला आलेत.